पेन फिरवू द्या



व्याख्यानमालेचा या वर्षीचा विषय छापायला गेला तेव्हा फ्लेक्सवाल्यानं कार्यकर्त्यांना फोन करून विचारलं म्हणे, ‘पेन फिरवणं’च लिहायचंय ना, की ‘पेन चालवणं’? त्याची शंका रास्त होती. स्मृतिव्याख्यानाला वक्ता बोलवावा आणि त्यानं ऊस, पाणी, संत किंवा शिवकाळ सोडून बोटांवर पेन फिरवण्याबद्दल तासभर बोलावं, हे आपल्याकडे जरा चमत्कारिकच. ज्या गुरुजींच्या नावानं आपण इथं जमतो, त्यांनी वर्गात पेन फिरवणाऱ्याचं काय केलं असतं, ते पुढच्या रांगेतल्या त्यांच्या विद्यार्थ्यांना मी सांगायला नको. तरी प्रश्न मांडतो. पेन फिरवणं हा चारचौघांत, उघडपणे, लहानथोरांनी करायचा छंद व्हावा का? उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना गाडी गाठायची आहे त्यांची सोय होईल. व्हावा. पण एखादी गोष्ट मोठी करायची आपली जी रीत पडून गेली आहे, त्या रीतीनं होऊ नये.

ज्यांनी हा प्रकार नीट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्यात पेन धरायचं. मधलं बोट बंदुकीचा घोडा ओढावा तसं आत ओढायचं. पेन अंगठ्याच्या पाठीवरून एक पुरी फेरी मारतं आणि परत अंगठा नि तर्जनी यांच्या चिमटीत येऊन बसतं. जगभर याला ‘थंबअराउंड’ म्हणतात आणि बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. नवशिक्याची चूकही ठरलेली आहे. तो तर्जनीनं पेन ढकलतो, घाबरून अंगठा उडवतो, आणि पेन शेजारच्याच्या डब्यात जाऊन पडतं. दुसरा प्रकार ‘फिंगरपास’. यात पेन तर्जनीपासून करंगळीपर्यंत एकेका बेचक्यातून पलट्या घेत जातं आणि हाताच्या मागच्या बाजूनं परत येतं. ‘चार्ज’मध्ये पेन दोन बोटांच्या मध्येच राहतं, बोटं सोडत नाही, पण दोन्ही टोकं हवेत गोल काढत राहतात. असे छोटे प्रकार एकाला एक जोडून सलग फिरवत नेणं ही खरी कला. पाहणाऱ्याला ती हातचलाखी वाटते. हातचलाखीत मात्र काहीतरी लपवलेलं असतं. इथं सगळं डोळ्यासमोर घडतं आणि तरी समजत नाही.

आता थोडं शास्त्र. आपल्या पिढीचं ते पांढरं, निळ्या टोपणाचं रेनॉल्ड्स घ्या. टोपण एकाच टोकाला असलं की तोल त्या बाजूला सरकतो आणि पेन डगमगतं. म्हणून फिरवणारे दुसऱ्या पेनाचं टोपण काढून उरलेल्या टोकाला बसवतात. वजन मध्यापासून जितकं लांब, तितकं पेन वळवायला जड, पण एकदा वळलं की त्याची गती टिकते. आणि हा परिणाम अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. लांबी थोडी वाढवली, टोकं थोडी जड केली, की तेच पेन हाताला आज्ञाधारक होतं. हे गणित आपल्याला नवं नाही. मर्दानी खेळातली बनाटी आठवा. काठीच्या दोन्ही टोकांना वजन असतं, आणि फिरवणारा ती मधोमध धरतो. बनाटीवाल्यानं भौतिकशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण वजन टोकालाच का हवं, हे त्याच्या मनगटाला ठाऊक होतं.

हा छंद जपान, तैवान, कोरिया, चीन या बाजूला चांगला रुजला. जपानमध्ये त्याला ‘पेन मावाशी’ म्हणतात आणि ‘रोनिन मावाशी’ असंही एक नाव होतं. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा नापास होऊन पुढच्या वर्षासाठी पुन्हा अभ्यासाला बसलेल्या मुलाला तिथं रोनिन म्हणतात. म्हणजे या छंदाचं घर शिकवणीच्या वर्गात आहे. पुस्तक समोर, परीक्षा लांब, मन भरकटलेलं आणि बोटं रिकामी, अशा जागी हे पेन फिरायला लागलं. पुढं इंटरनेट आलं, मुलं एकमेकांना आपले हात दाखवू लागली, आणि व्हिडिओ पाठवून खेळायची जागतिक स्पर्धाही सुरू झाली. त्या व्हिडिओत चेहरा बहुतेक वेळा दिसतच नाही. फक्त हात दिसतो. तो कुठल्या देशातला, कुठल्या घरातला, कुणाचा, यानं काही बिघडत नाही. हे मला फार आवडतं.

आता सांगा, रोनिन शोधायला जपानला जायची गरज आहे का? पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत ते हजारांनी आहेत, आणि ज्यांना पेठेतलं भाडं परवडत नाही ते आपल्याकडं आहेत. शिरूरच्या अभ्यासिकांमध्ये आहेत, दौंडमध्ये आहेत. राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट, पाच आणि सात, दौंडला असल्यामुळे भरतीचं वेड तिथल्या मुलांना लहानपणापासून. पहाटे मैदान, दिवसा सामान्यज्ञान. जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षा होत नाही, झाली तर निकाल कोर्टात. या वाट पाहण्याला काही आकार नसतो. अशा अभ्यासिकेत दुपारी तीन वाजता जाऊन उभे राहा. निम्मी डोकी मोबाईलवर असतील. आणि एखाद्या कोपऱ्यात एक पोरगा किंवा पोरगी चालू घडामोडींचं पुस्तक उघडं ठेवून पेन फिरवत असेल. पर्यवेक्षकाची पावलं ऐकली की ते पेन ताबडतोब लिहायच्या पवित्र्यात येतं. त्या निम्म्या डोक्यांना मोबाईल चाळताना लाज वाटत नाही, आणि पेन फिरवणाऱ्याला वाटते! माझ्या व्याख्यानाचं कारण एवढंच आहे.

वडीलधारी मंडळी यावर एक आक्षेप घेतात आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लेखणी ही सरस्वती. दसऱ्याला आपण पाटीवर एक-एक आकडे मांडून सरस्वती काढतो, खंडेनवमीला हत्यारं-अवजारांसोबत वही-पेन पूजेला ठेवतो, पेनाला पाय लागला तर पाया पडतो. विद्येच्या साधनाशी असा खेळ बरा का? मला वाटतं, बरा. पैलवान मुद्गलाच्याही पाया पडतो आणि मग ते गरागरा फिरवतो. ढोलकीवाला ढोलकीला नमस्कार करून तिच्यावर थाप मारतो. साधनाला हात लावण्यात त्याचा अपमान आहे, असं आपल्या कुठल्याही कसबी माणसानं मानलेलं नाही. पेनापुरतंच हे सोवळं आलं, कारण लिहिणं फार काळ मोजक्यांच्या हातात होतं आणि त्यांना ते तसंच राहायला हवं होतं. याच दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून, अत्याचारातून सुटलेल्या बायका-मुलींना आणलं आणि त्यांच्या हातात छापखाना दिला. ज्या बोटांना अक्षर शिवू द्यायला समाज तयार नव्हता, ती बोटं शिशाचे खिळे जुळवू लागली. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये निघालं, ते या हातांमुळे. बोटांचं कौशल्य हलकं समजायची सवय या तालुक्यानं तरी ठेवू नये.

आणि रिकाम्या वेळात हातातल्या वस्तूशी खेळणं आपल्याला काही परकं नाही. इलेक्ट्रॉनिक तिकीट यंत्रं येण्याआधीचा एसटीचा कंडक्टर आठवा. दांडीवर तिकिटाचा पंच वाजवत तो ज्या लयीत गर्दीतून यायचा, त्या आवाजाची नोकरीला काही गरज नव्हती. बँडमधला पोरगा नवरदेव घोड्यावर चढेपर्यंत ड्रमच्या काठ्या बोटांत फिरवत उभा असतो. दौंडला तर फिरवाफिरवी फारच जुनी. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन तिथं काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे, आणि तेवढा वेळ सगळी गाडी चहा पीत बसे. आता इंजिन न बदलता जाता येईल अशी कॉर्ड लाइन झाली आणि तो वेळही गेला. रेल्वेच्या हिशेबात ते चांगलंच झालं, चहावाल्यांना विचारलं तर उत्तर वेगळं येईल.

आता माझ्या ‘पण’कडे येतो.

आपल्याकडं छंद मोठा करायचा म्हणजे काय करायचं? संघटना काढायची, तिची दुसरी फुटीर संघटना काढायची, तालुका-जिल्हा-राज्य अशी स्पर्धा लावायची, प्रमुख पाहुणे आणायचे, प्रमाणपत्रं वाटायची. मग त्या प्रमाणपत्राला नोकरीत किती गुण, हा प्रश्न आपोआप येतो. ऑगस्ट २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदांना सरकारी नोकरीत क्रीडा कोट्याच्या पाच टक्क्यांचा लाभ जाहीर केला, तेव्हा सगळ्यात आधी कोण ओरडलं? याच अभ्यासिकांमधली मुलं. त्यांचं ओरडणं बरोबर होतं. दहीहंडीबद्दल त्यांना राग नव्हता. त्यातली कितीतरी पोरं स्वतः थरात उभी राहिलेली असतील. पण ज्या रांगेत आपण वर्षानुवर्षं उभे आहोत, त्या रांगेत मौज म्हणून केलेली गोष्ट पुढं घुसते आहे, हे त्यांना दिसलं. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं या राज्यात गाजून गेली आहेत. पेन फिरवण्याचं प्रमाणपत्र छापायला तर मैदानसुद्धा लागणार नाही!

टायपिंगचं पाहा. शिरूर काय, दौंड काय, तालुक्याच्या गावी टायपिंगची संस्था नाही असं होत नाही. मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्द मिनिटाला, ही लिपिक-टंकलेखक होण्याची पायरी. बोटांच्या कौशल्याला सरकारनं मान्यता दिली, परीक्षा लावली, प्रमाणपत्र दिलं. पोट भरायचं कसब म्हणून ते योग्यच. पण मला एक माणूस दाखवा, ज्यानं परीक्षा पास झाल्यावर केवळ मजा वाटते म्हणून संध्याकाळी टंकयंत्र बडवलं. लेझीमचंही असंच झालं. मूळची लेझीम म्हणजे लोखंडी साखळीचं धनुष्य, तालमीत दंड कमवायचं साधन. ती शाळेच्या कवायतीत आली तेव्हा हलकी, लाकडी झाली. ती लाखो मुलामुलींपर्यंत पोचली हे खरं, मी ते नाकारत नाही. पण आज २६ जानेवारीला लेझीम हातात घेणाऱ्या मुलाला विचारा की उद्या घरी खेळशील का. तो तुमच्याकडं विचित्र नजरेनं पाहील.

इथं कुणीतरी मला मल्लखांबाचं उदाहरण देईल, आणि ते माझ्या म्हणण्याला अडचणीचं आहे. पेशवाईच्या उतरत्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवं रूप दिलं, तो मल्लखांब अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी दाखवला. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. संघटना नसती, नियम नसते, तर हे झालं नसतं. आणि दोरीच्या मल्लखांबावर आज ज्या मुली चढतात त्या चढल्या नसत्या. खो-खोचंही तसंच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ मध्ये नियम बसवायला समिती नेमली आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. मधे १११ वर्षं गेली. भारतानं पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही चषक जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मग पेनालाच संघटना का नको?

कारण मल्लखांबाला खांब लागतो, गादी लागते, शिकवणारा लागतो आणि पडलं तर मान मोडते. खो-खोला दोन संघ लागतात, म्हणून दोघांना मान्य असा नियम लागतो. जिथं सामान आहे, धोका आहे, समोर दुसरा खेळाडू आहे, तिथं संस्थेला काम आहे. पेनाला यातलं काहीच लागत नाही. पडलं तर उचलायचं. एवढ्याशा गोष्टीला अध्यक्ष आणि सरचिटणीस बसवले, तर त्यांना करायला काम उरणार नाही, आणि काम नसलेले पदाधिकारी काय करतात ते आपण सगळे जाणतो. स्पर्धा ज्यांना हवी त्यांनी जरूर खेळावी. गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या आधी कुणी पाच मिनिटं हात दाखवला तर नारळ द्यायला माझी हरकत नाही. त्याच्या पुढं जाऊ नये.

दुसरी भीती क्लासवाल्यांची. ‘पेन फिरवा, मेंदूच्या दोन्ही बाजू जागवा, सहा ते बारा वयोगट, मर्यादित जागा’ असा फ्लेक्स मला डोळ्यांसमोर दिसतो आहे. कृपा करून हे औषध म्हणून विकू नका. पेन फिरवल्यानं गणित सुधारतं, एकाग्रता वाढते, स्मरणशक्ती दुप्पट होते, असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. सरावानं बोटं सुटी होतात आणि पेन फिरवता येतं. एवढ्यावर समाधान मानायची तयारी नसेल तर छंद करूच नये. प्रत्येक गोष्टीचा उपयोग विचारायची खोड आपल्याला लागली आहे. मूल चित्र काढत असलं की विचारायचं, याला ग्रेसचे मार्क आहेत का.

मग चारचौघांत आणायचा म्हणजे नेमकं काय? तर लपवावं लागू नये, इतकंच. आणि यात माझ्या मनात सगळ्यात आधी येतात त्या मुली. शिरूर-दौंड या आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या गावांमध्ये दहावीनंतर मुलीचं मैदान सुटतं. मुलगा संध्याकाळी क्रिकेटला जातो, पारावर बसतो, नदीवर जातो. मुलगी कॉलेजातून घरी आणि घरातून कॉलेजला. यवत, केडगाव, पाटसवरून रोज पुण्याला जाणाऱ्या मुलींना त्या गाडीत, शटल म्हणा की डेमू म्हणा, जाता-येता जो वेळ मिळतो, तेवढाच त्यांचा स्वतःचा. पेनाला मैदान लागत नाही, गणवेश लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. भांडवल पाच-दहा रुपये. डब्यात उभ्या उभ्या एका हातानं करता येतं, कारण दुसऱ्या हातात दांडी असते. मला कुणी विचारलं की सार्वजनिक छंद कुणासाठी व्हावा, तर मी या डब्याकडं बोट दाखवीन. रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्ट संपवून कंपनीच्या बसची वाट पाहणारे कामगार दुसरे. आठ तास यंत्राच्या लयीत चाललेल्या हातांना आपल्या लयीत काही करू द्यावं. हातातली ती मिनिटं मोबाईलही भरतो, हे मला मान्य आहे. पण मोबाईल डोळेही घेतो आणि शेजारचाही घेतो. पेन फिरवणाऱ्याशी गप्पा मारता येतात.

म्हातारे लोक मुद्दाम वगळलेले नाहीत. साठी उलटल्यावर नवं काहीतरी वाईट रीतीनं करायला शिकणं, आणि तेही नातवाकडून, यात मोठी गंमत आहे. नातवाला काहीतरी तुमच्यापेक्षा चांगलं येतं आणि त्यात पैशाचा, मार्कांचा, जमिनीचा प्रश्न नाही, असे प्रसंग घरात कमी येतात.

एक अडचण खरी आहे आणि ती आवाजाची. शांत अभ्यासिकेत टेबलावर पेन पडलं की दहा माना वळतात. शिकाऊ माणसाचं पेन सारखं पडतं. वर्गात शिक्षक फळ्याकडं वळले असताना मागून टक् टक् सुरू झालं तर चिडणं स्वाभाविक आहे. मी शिक्षकांना हे सहन करा असं सांगणार नाही. वर्गात नको, वाचनाच्या दालनात नको, परीक्षेत तर नकोच. पण मग कुठं, याचं उत्तर आपण द्यायला हवं, नुसतं ‘नको’ म्हणून भागणार नाही.

म्हणून माझी मागणी दोन्ही गावांतल्या वाचनालयांकडे आणि अभ्यासिकांकडे आहे. आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी तासभर, वाचनाच्या खोलीत नव्हे तर व्हरांड्यात एक सतरंजी घाला. जाड असेल तर उत्तम, पडलेलं पेन वाजणार नाही. नोंदवही ठेवू नका. फी घेऊ नका. उद्घाटन करू नका, कारण उद्घाटनाला पाहुणे येतात आणि पाहुणे बोलतात. माझ्यावरून तुम्हाला कल्पना आलीच असेल. ज्याला येतं त्यानं शेजारच्याला दाखवावं, ज्याला येत नाही त्यानं पेन पाडावं. बनाटी, काठी फिरवणारे कुणी जुने हात गावात उरले असतील तर त्यांना बोलवा. हडपसरच्या शांताबाई पवारांनी २०२० मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीच्या घरात, टाळेबंदीत पुण्याच्या रस्त्यावर दोन काठ्या फिरवल्या, आणि सगळा देश ते पाहत राहिला. त्यांनी त्या पोटासाठी फिरवल्या होत्या, हे आपण विसरायचं नाही. त्यांच्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या कसबाला आपण रस्त्यावरच ठेवलं. अशा हातांना सतरंजीवर मानानं बसवा, त्यांचा वेळ घेतलात तर त्याचं मानधन द्या, आणि पोरांना त्यांचं मनगट जवळून पाहू द्या.

शिरूरला हे येत्या रविवारी सुरू करता येईल, दौंडकरांनी त्यांचा वार ठरवावा. येताना बॉलपेन आणा, एक जास्तीचं टोपण आणा, आणि शाईचं पेन मात्र घरी ठेवून या.